विसावं वचन पोरांचं, एकविसावं आपलं: मंडळीतल्या बाबालोकांना खुलं पत्र

आपल्या मंडळीतल्या सगळ्या बाबालोकांना, पंचकमिटीतल्या वडीलधाऱ्यांना आणि पाळकसाहेबांनाही,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी गेली १९ वर्षं आपल्या चर्चमधे संडे स्कूल घेतोय, तुमच्यातल्या काही जणांना तर मीच लहानपणी खाली चटईवर बसवून वचनं पाठ करून घेतलीत आणि आता तुमची पोरं त्याच चटईवर बसतात. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाचं समजू नका, आणि एकट्या कुणाला धरून लिहिलंय असंही समजू नका. मनात बरेच दिवस होतं, बोलायला जावं तर उपासना झाल्यावर सगळ्यांना घाई असते, मीटिंगमधे विषय काढला तर हिशोबात अडकतो, म्हणून सरळ लिहूनच टाकतोय.

यंदाच्या व्हीबीएसचा, म्हणजे पोरांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेचा, शेवटचा दिवस आठवा. मे महिन्याची उकाड्याची संध्याकाळ, पंखे फिरतायत पण वारा लागत नाही, आयाबाया वह्यांनी वारा घेतायत. नऊ वर्षांचा एक मुलगा स्तोत्र २३ म्हणायला पुढं आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. सुरुवात एकदम खणखणीत केली त्यानं, हिरवी कुरणं झाली, संथ पाणी झालं, मृत्युच्छायेची दरी पण पार केली, 'तू माझ्याबरोबर आहेस' इथपर्यंत आला आणि थांबला. पुढचा शब्द सापडेना. मी खालून ओठ हलवून सांगत होतो पण त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं, तो तिसऱ्या बाकाकडं बघत होता, तिथं त्याचे वडील बसलेले. आणि वडील मोठ्यानं म्हणाले, "घरी पोपटासारखा म्हणत होता, इथं बसली दातखीळ."

सगळे हसले. मी पण हसलो, खरं सांगतो, आणि त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. त्या पोरानं दोन्ही तळहात शर्टाला पुसले, एकदा परत बघितलं बाबांकडं, आणि खाली उतरून मागच्या दाराजवळ चपलांच्या इथं जाऊन बसला. बक्षीस वाटपात त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्याची बहीण येऊन कंपासपेटी घेऊन गेली.

त्यानंतर तो संडे स्कूलला येतो, एक पण रविवार चुकवला नाहीये. पण पाठांतर विचारलं की मान खाली. हात वर करत नाही. शेजारच्या पोराला हळू आवाजात बरोबर सांगतो, म्हणजे येतंय सगळं, पण स्वतः उभा राहत नाही.

कोण ते शोधत बसू नका. त्याचे वडील चांगले माणूस आहेत, पोराच्या फीसाठी डबल ड्युटी करतात हे मला माहितीय. त्या बाकावर आपण सगळेच कधी ना कधी बसलोय आणि तसलंच काहीतरी बोललोय. म्हणून तर हे पत्र सगळ्यांना आहे.

आता मुद्द्यावर येतो. नव्या करारातलं पौलाचं कलस्सैकरांस पत्र, तिसरा अध्याय, विसावं वचन. मुलांनो, सर्व गोष्टींत आईबापांची आज्ञा पाळा. हे आपल्याकडं चार वर्षांच्या पोराला पण पाठ आहे. मी स्वतः शिकवलंय, तक्ते करून भिंतीला लावलेत, बालदिनाला म्हणून घेतलंय, आणि घरी पोरगं उलट बोललं की आपण लगेच तेच वचन त्याच्या तोंडावर फेकतो. बरं. त्याच्या खालची ओळ किती जणांना पाठ आहे? एकविसावं वचन? बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खिन्न होतील. १९ वर्षांत मी ते वचन एकाही मुलाला शिकवलं नाही कारण ते मुलांचं नाहीच, ते आपलं आहे, आणि आपल्याला शिकवायला कुणी वर्गच घेत नाही. इफिसच्या पत्रात पण तसंच, सहाव्या अध्यायात पहिली तीन वचनं मुलांना आणि चौथं थेट बापांना, तुम्ही मुलांना चिरडीस आणू नका, प्रभूच्या शिस्तीत आणि शिक्षणात वाढवा. आपण पहिली तीन वाचतो आणि चौथ्याला पान उलटतो.

'चिरडीस आणणे' हा शब्द आता शहरात कुणी वापरत नाही. पण माझी आजी वापरायची, गावाकडं अजून वापरतात. तान्हं पोर रडून रडून असं होतं ना की आता त्याला दूध नको, खेळणं नको, कडेवर पण नको, नुसतं अंग ताणून रडतंय, तेव्हा बाया म्हणतात की पोरगं चिरडीला आलंय. म्हणजे एकदा रागावणं वेगळं. सारखं सारखं टोचून, खिजवून, हे चुकलं ते चुकलं करून पोराला अशा ठिकाणी नेऊन ठेवायचं की त्याला काही केलं तरी बरं वाटत नाही, ते हे. आणि पुढचा शब्द 'खिन्न'. मूळ ग्रीकमधे तिथं 'अथुमिओ' असं क्रियापद आहे, थुमोस म्हणजे आतली उमेद, धग, आणि आधी अ लावला की ती नसणं. पोराची उमेद जाते. मार खाल्लेलं पोर रडून मोकळं होतं आणि तासाभरात परत गल्लीत क्रिकेट खेळतं, पण उमेद गेलेलं पोर रडतच नाही, ते शहाणं होतं, गप्प होतं, आणि आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो की आमचा पोरगा फार शांत आहे हो.

अजून एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली. 'चिरडीस आणू नका' ला कलस्सैच्या पत्रात मूळ जे क्रियापद आहे, एरेथिझो, ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आलंय, २ करिंथ ९:२ मधे, आणि तिथं ते चांगल्या अर्थानं आहे. तुमच्या आस्थेमुळे बाकीच्यांना हुरूप आला, असं पौल लिहितो. शब्द तोच. माणसाला आतून हलवणं. बापाच्या तोंडात ती ताकद आहेच, ती नाकारता येत नाही, हुरूप आणायला वापरायची का चिरडीला आणायला एवढंच आपल्या हातात आहे.

आणि हे पत्र कुणाला लिहिलं ते पण बघा. कलस्सै म्हणजे आत्ताच्या तुर्कस्तानातलं एक छोटं गाव, रोमी सत्तेखालचं. रोमी कायद्यात बाप म्हणजे घरातला राजाच. जन्मलेलं पोर ठेवायचं का उघड्यावर टाकायचं हे तो ठरवायचा, मोठ्या झालेल्या मुलाच्या पण जिवावर त्याचा कायद्यानं हक्क होता, आणि मुलगा चाळिशीचा झाला तरी बाप जिवंत आहे तोवर मालमत्ता बापाचीच. अशा काळात घर कसं चालवावं यावर लिहिणारे बाकीचे बरेच लोक बापाला सांगायचे की ताब्यात कसं ठेवायचं. पौलानं बापाला सांगितलं की आवर. आणि सांगितलं कसं, तर हे पत्र मंडळीत मोठ्यानं वाचायचं होतं, चौथ्या अध्यायात तसं स्पष्ट लिहिलंय की तुमच्यात वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीत पण वाचायला द्या. म्हणजे कुणाच्यातरी घरात सगळे बसलेत, बायका, दास, पोरंटोरं, आणि वाचणारा म्हणतोय 'मुलांनो', म्हणजे मुलं तिथंच बसलीत, त्यांच्याशी थेट बोलणं चाललंय. आणि लगेच पुढच्या दमात 'बापांनो'. पोरांच्या देखत! पोरांनी बापांकडं मान वळवून बघितलं असेल त्या वेळेला. आपण आज हे वचन पुरुषांच्या शिबिरात सुद्धा वाचत नाही आणि तिथं २,००० वर्षांपूर्वी ते पोरांना ऐकू येईल असं वाचलं गेलं.

(आयांसाठी पण आहे हो हे. इब्री ११:२३ मधे मोशेच्या आईबापांना मूळ भाषेत 'बाप' चं जे अनेकवचन आहे तेच वापरलंय. पण मी आत्ता आपल्याबद्दलच बोलतो, कारण आपण अशी वाट मिळाली की लगेच बायकोकडं बोट करतो.)

आता तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या ओठावर आलं असेल ते मीच बोलतो. छडी. नीतिसूत्रे १३:२४, जो छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी. हे वचन मात्र आपल्याला कुणी न शिकवता पाठ असतं. मी त्या वचनाला खोटं म्हणत नाहीये, शास्त्रातलं कुठलंच वचन मी खोडायला बसलो नाही. पण तिथं छडीसाठी जो हिब्रू शब्द आहे, शेवेत, तोच शब्द स्तोत्र २३ मधे मेंढपाळाच्या हातात आहे. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. म्हणजे बघा, ते पोरगं नेमकं ज्या ओळीवर अडलं तीच ओळ. मेंढपाळ त्या काठीनं लांडगा हाकलतो, कळप मोजतो, कडेला गेलेल्या मेंढराला आत वळवतो. ती काठी बघून मेंढराला धीर येतो. आपल्या हातातली काठी, नाहीतर पट्टा, नाहीतर नुसती जीभ बघून पोराला धीर येतो का, हे ज्यानं त्यानं घरी जाऊन पोराच्या तोंडाकडं बघून ठरवावं. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, मास्तरांनी हात लावला तर आपणच शाळेत जाऊन भांडतो, आणि घरी आल्यावर तेच पोर आपल्या हाताखाली.

आणि लाड करा असं म्हणतोय का मी? अजिबात नाही. एली याजकाचं उदाहरण आहेच, पोरं देवाच्या मंदिरात नाही नाही ते करत होती आणि म्हातारा नुसतं बोलून गप्प बसला, देवानं त्याला त्याबद्दल जाब विचारला. दावीद राजाचं पण तसंच. त्याच्या मुलाला, अदोनीयाला, बापानं कधी 'तू असं का केलंस' एवढं सुद्धा विचारलं नव्हतं असं १ राजे १:६ मधे आहे. पण त्याच दावीदाचा दुसरा मुलगा बघा, अबशालोम. त्यानं भावाचा खून केला, पळून गेला, तीन वर्षांनी परत आणला आणि मग दोन वर्षं तो यरुशलेमेत राहिला पण राजानं त्याला तोंड दाखवू दिलं नाही. एकाच शहरात. दोन वर्षं! पुढं त्यानं बंड केलं, आणि मेल्याची बातमी आल्यावर दावीद वेशीवरच्या खोलीत चढून जाताना रडतोय, माझ्या पुत्रा अबशालोमा, माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा. मी हा भाग वाचताना दर वेळेला अडकतो. जे शब्द त्या दोन वर्षांत एकदा समोर बसवून म्हणता आले असते ते आता वेशीवर एकट्यानं म्हणायचे. अबशालोमाचा गुन्हा लहान नव्हता, हे मान्य. पण लाड करणं आणि तोंड फिरवणं या दोन्हीत बाप गैरहजरच असतो, हे दावीदाच्या घरात लख्ख दिसतं.

आपण असे का झालो याचा पण मी विचार केलाय, आणि मला आपल्या बापजाद्यांवर दोष टाकायचा नाहीये. अमेरिकन मिशनरी १८१३ ला मुंबईत आले, १८३१ ला नगरला काम सुरू झालं, आणि पुढं आपल्यातल्या कितीतरी जणांचे खापरपणजोबा गावकुसाबाहेरून उठून मिशनच्या शाळेत आणि बोर्डिंगमधे आले. गावात त्यांना पाणवठ्यावर जाऊ देत नव्हते. त्यांना पाटी हातात मिळाली ती केवढी मोठी गोष्ट होती, आणि त्या पाटीबरोबर भीती पण आली, की पोरगं शिकलं नाही तर परत तिथंच जाणार, गुरं ओढायला, सरपण फोडायला. म्हणून ते कडक झाले. बोर्डिंगची घंटा, बोर्डिंगची छडी, पहाटेची प्रार्थना, आणि पास झालास तर उपकार नाही केलास. माझ्या वडिलांनी मला आयुष्यात एकदा पण शाब्बास म्हटलं नाही आणि तरी त्यांनी माझ्यासाठी काय काय केलं हे मला माहितीय. त्यांचं प्रेम सगळं हातात होतं, तोंडात आलंच नाही. त्यांच्या भीतीला कारण होतं. आपल्या पोरांच्या पायात बूट आहेत, हातात मोबाईल आहे, आपण ती भीती अजून जशीच्या तशी पुढं देतोय, फक्त आता तिला नव्वद टक्के म्हणतात, नीट म्हणतात, सीईटी म्हणतात.

पंडिता रमाबाईंचं नाव आपण सगळे अभिमानानं घेतो, केडगावचं मुक्ति मिशन, आणि अख्खं पवित्र शास्त्र एकटीच्या हिमतीवर मराठीत आणलं म्हणून. पण त्यांच्या वडिलांबद्दल आपल्या उपदेशात कधी ऐकलंय का? अनंतशास्त्री डोंगरे. ख्रिस्ती नव्हते, कर्मठ शास्त्री होते, पण बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून स्वतःच्याच लोकांचा विरोध सोसला, रानात जाऊन राहिले, आणि १८५८ ला तिथं रमाबाई जन्मल्या. आईनं पोरीला शिकवलं, बापानं शिकू दिलं आणि पाठीशी उभा राहिला, त्या काळात जेव्हा मुलीला अक्षर शिकवलं तर पाप लागतं म्हणायचे. पुढं दुष्काळात सगळं कुटुंब उपाशी, वडील म्हातारे, दृष्टी गेलेली. रमाबाईंनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलंय की शेवटी त्या आंधळ्या बापानं त्यांना मिठीत घट्ट धरलं, डोक्यावरून गालावरून हात फिरवला, माझं तुझ्यावर किती प्रेम आहे ते लक्षात ठेव म्हणाला, आणि नीतीची वाट सोडू नको, जगलीस तर अब्रूनं जग आणि देवाची सेवा कर, एवढं सांगितलं. बाईंनी पुढं जे जे सोसलं, घरची माणसं गेली, नवरा गेला, समाजानं वाळीत टाकलं, त्या सगळ्यात तो हात त्यांच्या डोक्यावर राहिला असणार असं मला वाटतं. ते लिहिताना त्या पोक्त बाई होत्या, आणि तरी बापाचा हात गालावरून कसा फिरला हे आठवत होतं.

आता माझं स्वतःचं. हे लिहायचं का नाही यावर दोन दिवस गेले, पण दुसऱ्याच्या पोराचं लिहिलं आणि स्वतःच्या पोरीचं झाकलं तर ते खोटं होईल.

तुम्हाला माहितीय मी चर्चमधे पेटी वाजवतो. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिला पण नाद लागला. मी शिकवलं नाही, बघून बघून शिकली. संध्याकाळी बसायची, डाव्या हातानं भाता, उजव्या हाताची बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर शोधत शोधत, नाताळचं एक गीत काढत होती. आणि मी आत चहा पीत बसून ओरडायचो, "सूर चुकला." परत वाजवायची. "भाता सारखा नको ओढू." परत. "काळीत जायचंय तिथं, कान आहेत का नाहीत?" मला वाटायचं मी शिकवतोय. मी रागात पण नव्हतो, माझ्या मते मी तिला वेळ देत होतो!

मग एक दिवस बायको म्हणाली की ती पेटी रोज वाजवते, छान वाजवते. मी म्हटलं मला तर ऐकू येत नाही कधी, महिने झाले. ती म्हणाली, तुमची स्कूटर गल्लीत वळली ना की ती झाकण लावते.

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटर मुद्दाम कोपऱ्यावर किराणा दुकानापाशी लावली आणि चालत आलो, आणि खिडकीखाली उभा राहून ऐकलं. अख्खं गीत. दोन ठिकाणी सूर चुकला, आणि मी बाहेर उभा राहून रडत होतो. इफिसकरांस ६:४ वर मी संडे स्कूल टीचर्सच्या ट्रेनिंगमधे दोनदा बोललोय आणि माझ्या घरात ते वचन माझ्या स्कूटरच्या आवाजाएवढंच खरं होतं.

आत गेलो आणि तिची माफी मागितली. मुलीची माफी मागायची आपल्याला सवय नसते, शब्दच सापडेनात, मी म्हटलं, "बाळा, मी चुकलो, तू वाजवत जा, मी आता आतून ओरडणार नाही." तिनं काही म्हटलं नाही. मान हलवली. पुढं चार महिने लागले तिला माझ्यासमोर झाकण उघडायला, आणि त्या चार महिन्यांत मी रोज स्कूटर त्या दुकानापाशीच लावत होतो. लोक समजतात एकदा सॉरी म्हटलं की झालं. पोरं माफ लगेच करतात पण विश्वास त्यांचा परत यायला वेळ लागतो, तो आपण धरायचा असतो. धर्मसुधारक मार्टिन लूथरनं पण स्वतःबद्दल सांगितलंय ना, की वडिलांनी एकदा इतकं मारलं की तो त्यांच्यापासून दूर पळाला आणि त्याला परत जवळ करायला वडिलांना बरेच कष्ट पडले. वडिलांनी ते कष्ट घेतले ही त्यातली चांगली गोष्ट.

मग करायचं काय, असं विचाराल. मला जे जमलं आणि जे शास्त्रात सापडलं तेवढं सांगतो. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला प्रभूनं पत्र लिहिलंय, दुसरा अध्याय. त्या मंडळीबद्दल तक्रार आहे त्याची, मोठी तक्रार आहे, पहिली प्रीती सोडलीस म्हणून. पण सुरुवात कुठून? तुझी कृत्ये, तुझे श्रम, तुझा धीर मला ठाऊक आहे. आधी काय काय बघितलंय ते नावानिशी सांगतो, मग चूक. आपण निकालपत्र हातात घेतलं की डोळे थेट गणितावर. मराठीत एकाहत्तर आहेत ते दिसत नाहीत. आणि नुसतं 'व्वा व्वा' म्हणण्यात पण काही अर्थ नाही, पोरांना खोटं लगेच कळतं, काय चांगलं केलंस ते सांगावं लागतं, म्हणजे आधी बघावं लागतं, म्हणजे मोबाईल खाली ठेवावा लागतो. शाब्बासकीला खरी मेहनत इथं आहे.

दुसरं म्हणजे रिझल्टच्या आधी. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्यानं अजून एकही आजारी बरा केला नव्हता, एक दृष्टांत सांगितला नव्हता, मार्काच्या शुभवर्तमानात पहिलाच अध्याय चालू आहे. आणि आकाशातून बाप म्हणतो, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. लोकांच्या समोर. मी हे शंभर वेळा शिकवलं आणि त्यातली वेळ माझ्या लक्षात आली नव्हती, की काम सुरू व्हायच्या आधी बाप बोलला. आपल्याकडं दहावीचा निकाल लागेपर्यंत पोरगं वाट बघतं आपण बाबांना आवडतो का नाही ते कळायची. तिसऱ्या बाकावरून त्या संध्याकाळी नुसतं 'असू दे, परत म्हण' एवढंच आलं असतं तर त्या मुलाला ती ओळ सापडली असती असं मला खात्रीनं वाटतं.

आणि तिसरं, घरातल्या शहाण्या पोरांना विसरू नका. उधळ्या पुत्राच्या गोष्टीत आपण सगळे पैसा उधळून परत आलेल्या धाकट्याकडं धावणाऱ्या बापावर बोलतो, पण बाप दोनदा घराबाहेर आला त्या दिवशी. थोरला रुसून अंगणात उभा होता, इतकी वर्षं राबलो आणि मला मित्रांबरोबर खायला एक करडू दिलं नाहीस, तेव्हा बाप त्याच्यासाठी पण बाहेर आला आणि त्याला 'बाळा' म्हणाला, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे म्हणाला. जी पोरं त्रास देत नाहीत, घरचं सगळं करतात, विशेष करून मुली, त्यांना आपण काहीच बोलत नाही, चांगलं पण नाही. त्यांचं करडू राहूनच जातं.

पंचकमिटीला आणि पाळकसाहेबांना माझी एकच विनंती आहे. दरवर्षी आपण पोरांची पाठांतर स्पर्धा घेतो. येत्या जूनमधे तिसऱ्या रविवारी फादर्स डे आहे, त्या दिवशी पेन आणि गुलाब वाटण्यापेक्षा बापांचं पाठांतर घ्या. मोठं काही नको. कलस्सै ३:२१ आणि इफिस ६:४, दोनच वचनं. मुलं नेहमी मागं किंवा बाहेरच्या हॉलमधे असतात, त्या दिवशी त्यांना पुढच्या बाकांवर बसवा, आणि आपण एकेक जण पुढं येऊन म्हणू. बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला घेऊन उभे राहणाऱ्या बापाकडून पण ते वचन म्हणून घ्या, आई नेहमी म्हणते सगळं, बाप फोटोसाठी उभा असतो. आणि पाळकसाहेब, 'आईबापांचा मान राख' वर वर्षातून तीन उपदेश होतात, एक उपदेश त्या खालच्या ओळीवर द्या, आम्हाला लागेल असा द्या.

ज्या घरात बाप नाहीये किंवा असून नसल्यासारखा आहे त्या पोरांचं काय, हे पण माझ्या डोक्यात आहे. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचा बाप ग्रीक होता, विश्वासातला नव्हता, त्याला आई युनीके आणि आजी लोईस यांनी वाढवलं, आणि पौलानं येऊन त्याला 'माझ्या मुला' म्हटलं. मंडळीतल्या काका-मामांनी अशी दोन-दोन पोरं आपली म्हणून धरली तर पुष्कळ होईल, त्यासाठी कमिटीचा ठराव लागत नाही.

जूनमधे पहिला मी येईन पुढं. घरी रोज म्हणतोय आत्तापासून. स्टेजवर चढल्यावर शब्द अडतात हे मला माहितीय, तेव्हा कुणी अडला तर हसायचं नाही एवढं आधीच ठरवू, आणि पुढच्या बाकावरच्या पोरांना सांगून ठेवू की बाबा अडले तर पुढचा शब्द तुम्ही सांगायचा, हळू आवाजात. त्या मुलाला मी पेटीजवळच्या बाकावर बसवणार आहे, त्याला ही दोन्ही वचनं गेल्याच रविवारी लिहून दिलीत.

तुमचाच,
संडे स्कूलचा एक शिक्षक आणि एका मुलीचा बाप